मुरलेल्या माणसाला इंग्रजीत काय म्हणावं?

निळीशाई

आमच्या मशीनशॉपमधले लेथचे (धातू फिरवत ठेवून कापायच्या यंत्राचे) मिस्त्री पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. ३८ वर्षं एकाच खात्यात. त्यांना पितळी पाटी द्यायची ठरली आहे. निरोपाला परदेशातले पाहुणे असणार, म्हणून पाटीवरचा मजकूर इंग्रजीतही हवा. तो लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि मला ते नीट करायचंय.

कार्यालयातून एक तयार मसुदा आला होता. त्यात मिस्त्रींना 'लाँग इन द टूथ' म्हटलं होतं. लिहिणाऱ्याच्या मनात आदरच होता. 'लाँग' दिसलं म्हणून त्याने 'दीर्घ अनुभवी' असा अर्थ धरला. पण हा वाक्प्रचार घोड्याच्या दातांवरून आलाय. वय वाढतं तशा घोड्याच्या हिरड्या मागे सरकतात आणि दात लांब दिसायला लागतात. म्हणजे अर्थ निव्वळ 'वय झालेला', आणि सूर 'आता याच्याकडून काही व्हायचं नाही' असा. कोरायच्या आधी नजरेस पडलं म्हणून वाचलो. तेव्हापासून असे वाक्प्रचार वहीत टिपून ठेवतेय.

मिस्त्री कसे आहेत ते सांगते, म्हणजे सुचवायला सोपं जाईल. मी नवीन असताना एकदा त्यांच्या शेजारी उभी होते. हायस्पीड स्टीलचं टूल लावून टर्निंग चाललं होतं. माझ्या कानाला आवाजात काहीच फरक जाणवला नाही, पण त्यांनी मान वळवली, हेडस्टॉकवर, म्हणजे काम फिरवणाऱ्या भागाच्या खोक्यावर, तळहात टेकला आणि म्हणाले, "चिपचा रंग बघ." वळवळत बाहेर येणारी चिप, म्हणजे धातूची सोललेली पट्टी, पिवळसर होती ती निळी पडायला लागली होती. टूलची धार गेली होती, घर्षण वाढलं होतं, सगळं तापत चाललं होतं. मशीन थांबवून मायक्रोमीटर लावला तर माप बिघडायला नुकती सुरुवात झालेली. त्यांना ते मापाच्या आधी कानाने कळलं होतं.

वहीत आत्तापर्यंत जमलेले: 'ओल्ड हँड', 'डॅब हँड', 'सीझन्ड', 'व्हेटरन', 'पास्ट मास्टर', 'नोज द रोप्स', 'कट हिज टीथ', 'अर्न्ड हिज स्ट्राइप्स', 'नोज इट लाइक द बॅक ऑफ हिज हँड'. शब्दकोशात सगळ्यांपुढे 'अनुभवी, कुशल' एवढंच लिहिलंय. पण आपल्याकडे 'मुरलेला', 'बनेल', 'सराईत' आणि 'निष्णात' हे चारही अनुभवीच. तरी सराईत म्हटलं की पुढे गुन्हेगार आठवतो. बनेल माणसाचा कोणी सत्कार करत नाही. इंग्रजीतही असे सूर असणारच, आणि मला तेच समजून घ्यायचे आहेत.

दर्यावर्दी

धागा आवडला. 'नोज द रोप्स'वर मी बोलू शकतो. मी जहाजावर काम केलंय आणि प्रशिक्षणाच्या काळात काही आठवडे शिडाच्या जहाजावरही होतो.

बाहेरून बघणाऱ्याला शिडाच्या जहाजावर नुसता दोरांचा गुंता दिसतो. मोठ्या जहाजावर हे दोर शंभराच्या वर असतात. शीड वर चढवायचा वेगळा, खालचे कोपरे ताणायचा वेगळा, आडवी काठी वाऱ्याच्या बाजूला फिरवायचा वेगळा, शीड गुंडाळून घ्यायचा आणखी वेगळा. प्रत्येकाला नाव आहे. त्याची टोकं कठड्यालगतच्या फळीतल्या खुंट्यांना बांधलेली असतात आणि कुठला दोर कुठल्या खुंटीला हे ठरलेलं असतं. कारण वादळ दिवस बघून येत नाही. रात्री डोळ्यांत पाणी जातंय, डेक कलला आहे, आणि हुकूम आला की हात बरोबर त्याच खुंटीवर पडला पाहिजे. चुकीचा दोर सोडला तर वर काठीवर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेततं.

आम्हाला पहिल्या आठवड्यात डोळ्यांवर पट्टी बांधून खुंटीपर्यंत जायला लावायचे. नाव पुकारलं की चाचपडत जायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय आपोआप वळायला लागले. तेव्हा मला या वाक्प्रचाराचा खरा अर्थ कळला. यात विद्वत्ता नाही, चातुर्य नाही. एखाद्या ठिकाणचं काम तिथे राहून अंगवळणी पडलंय, एवढंच त्यात आहे. म्हणून नव्या माणसाला काम दाखवून देणं म्हणजे 'शो द रोप्स' आणि नव्याने शिकणं म्हणजे 'लर्न द रोप्स'. रिचर्ड हेन्री डेना नावाचा अमेरिकन तरुण विद्यापीठ सोडून साधा खलाशी म्हणून गेला होता. त्याच्या १८४० सालच्या पुस्तकात हा वाक्प्रचार एका कप्तानाबद्दल आलाय: तो त्या किनाऱ्यावर पूर्वी येऊन गेला होता, म्हणून त्याला 'दोर माहीत होते'.

मिस्त्रींसाठी हा मला तोकडा वाटतो. 'नोज द रोप्स' दोन वर्षं काम केलेल्याबद्दलही म्हणता येतं. ३८ वर्षांच्या माणसाला ते कमीच.

एक सावधगिरी. 'ऑन द रोप्स' हा वेगळा. तो बॉक्सिंगच्या रिंगणातून आलाय. मार खाऊन दोरांना टेकलेला, हरण्याच्या बेतात असलेला माणूस. एका शब्दाच्या फरकाने सत्काराचा विचका व्हायचा.

खडूफळा

माझ्याकडून दातांचं. 'कट हिज टीथ ऑन' म्हणजे बाळाला दात येणं. हिरडी फाडून दात वर येतो तेव्हा बाळ रडतं, मिळेल ते चावत सुटतं. त्यावरून, माणसाने उमेदवारीच्या काळात ज्या कामावर पहिले धडे गिरवले त्या कामाबद्दल हे म्हणतात. मिस्त्रींनी कुठल्या जुन्या लेथवर सुरुवात केली असेल तर 'ही कट हिज टीथ ऑन दॅट लेथ' हे वाक्य भाषणात फार छान बसेल. मात्र ते सुरुवातीबद्दल आहे, आजच्या कौशल्याबद्दल नाही. मुलांना शिकवताना मी हा फरक आवर्जून सांगते, कारण निबंधात 'माय ग्रँडफादर हॅज कट हिज टीथ' असं अर्धवट वाक्य हमखास येतं आणि वाचणाऱ्याला कशावर ते कळत नाही.

गंमत बघा, आपणही कच्चेपणा बाळपणातूनच दाखवतो. दुधाचे दात पडले नाहीत, ओठ पिळला तर दूध निघेल, दुधखुळा. इंग्रजी माणूस म्हणतो 'वेट बिहाइंड द इअर्स'. नुकत्याच जन्मलेल्या वासराचं सगळं अंग वाळतं, कानामागची ओल तेवढी राहते. आपल्याकडे दूध वाळायचं असतं आणि त्यांच्याकडे कान. दोन्ही भाषांना ओल म्हणजे कच्चेपणा वाटतो, हे मला वर्गात शिकवताना दरवेळी नव्याने आवडतं.

रंधा

ओलीचा विषय निघालाच आहे तर 'सीझन्ड' माझ्याकडे द्या. मी सुतारकाम करतो.

ताजं कापलेलं लाकूड इंग्रजीत 'ग्रीन'. ते रंगाने हिरवं नसतं, ओलं असतं. काही झाडांत तर पाण्याचं वजन कोरड्या लाकडापेक्षा जास्त भरतं. अशा लाकडाचं दार केलं की सहा महिन्यांत चौकटीत अडकतं, सांधे उघडतात. म्हणून फळ्या मधे पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा सावलीत रचून ठेवायच्या. जुना ठोकताळा असा की इंचभर जाडीला एक वर्ष. फळीची टोकं आधी सुकतात म्हणून तिथे चिरा पडतात. ती मेणाने किंवा रंगाने बंद करावी लागतात. घाई केली, कडक उन्हात टाकली, तर वरचं कातडं सुकून ताठ होतं आणि आत ओल तशीच राहते. हे सगळं सोसून जी फळी सरळ राहते ती 'सीझन्ड'. पुढे ऋतू बदलले तरी तिचा आकार फारसा हलत नाही.

म्हणून मला 'सीझन्ड' हा शब्द फार मोलाचा वाटतो. तो 'पुष्कळ येतं' असं सांगत नाही. 'याने ऋतू काढलेत, आता हा वाकायचा नाही' असं सांगतो. आपलं 'चार पावसाळे जास्त पाहिलेत' आणि हे अगदी सख्खे भाऊ. नवख्याला इंग्रजीत 'ग्रीन' म्हणतात तेही याच्याच उलट बाजूला बसतं. (आणि आपल्या 'जुनं खोड'मध्ये आदर असतो तसा थोडा धाकही असतो, तो 'सीझन्ड'मध्ये नाही.)

मिस्त्रींना चालेल. पण आजकाल नोकरीच्या अर्जात पाच वर्षांचा अनुभव असलेला प्रत्येक जण स्वतःला 'सीझन्ड प्रोफेशनल' म्हणवतो. शब्द झिजलाय, त्याचं वाईट वाटतं.

शब्दप्रेमी

'डॅब हँड' खास ब्रिटिश आहे. अमेरिकन पाहुणे असतील तर त्यांना कदाचित कळणारही नाही. शिवाय तो हलक्याफुलक्या गोष्टींना शोभतो, छंदाला वगैरे.

तळटीप

मी भाषांतर करते, त्यामुळे अशा शब्दांच्या खाचखळग्यांत रोजच पाय अडकतो. निळीशाई, तुमच्या वहीतल्यांपैकी तिघांबद्दल आणि वहीत नसलेल्या दोघांबद्दल सांगते.

'व्हेटरन' लॅटिन 'व्हेटुस'वरून, म्हणजे जुना. आपण आणि ब्रिटिश तो ज्येष्ठ अनुभवी माणसासाठी सहज वापरतो: व्हेटरन पत्रकार, व्हेटरन नट. अमेरिकेत नुसतं 'ही इज अ व्हेटरन' म्हटलं की सैन्यात नोकरी करून आलेला माणूस, मग तो पंचविशीतला का असेना. तिथे ११ नोव्हेंबरला व्हेटरन्स डे असतो तो यांच्यासाठी. अमेरिकन पाहुण्यांसमोर 'व्हेटरन मशिनिस्ट' असं जोडून लिहा, नुसतं 'व्हेटरन' नको.

'अर्न्ड हिज स्ट्राइप्स' म्हणजे सैनिकाच्या बाहीवरच्या पट्ट्या, ज्या बढती मिळते तशा वाढतात. 'वन हिज स्पर्स' त्याहून जुना. स्पर्स म्हणजे घोड्याला टोचायच्या टाचेवरच्या आऱ्या. सरदारकी मिळाली की त्या मिळायच्या. १३४६ च्या क्रेसीच्या लढाईत इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या १६ वर्षांच्या मुलाभोवती शत्रूचा जोर वाढला. मदत मागायला माणूस आला, तर राजा म्हणाला, पोराला आपल्या आऱ्या आज स्वतः मिळवू द्या. फ्रूआसार या बखरकाराने हा प्रसंग लिहून ठेवलाय. दोन्ही वाक्प्रचारांत पहिल्यांदा स्वतःला सिद्ध करण्याचा क्षण आहे. पंचविशीतल्या इंजिनिअरने पहिलं अवघड काम पार पाडलं तर त्याच्यासाठी उत्तम. निवृत्तीच्या पाटीवर मात्र ते ३५ वर्षं उशिरा आल्यासारखं वाटेल.

'पास्ट मास्टर' हाताळताना सांभाळा. तो बंधुसंघांमधून आलाय. प्रमुखपद भूषवून झालेला माणूस म्हणजे पास्ट मास्टर. त्यावरून पारंगत. पण आज बोलण्यात तो बरेचदा नको त्या कलेला जोडला जातो: टाळाटाळ करण्यात पास्ट मास्टर, सबबी सांगण्यात पास्ट मास्टर. आपलं 'पटाईत' तसंच झालंय. पटाईत म्हणजे मुळात पटा फिरवणारा, किती रुबाबदार शब्द! आणि आता थापा मारण्यात पटाईत.

वहीत नसलेला पहिला: 'जर्नीमन'. युरोपातल्या कारागिरांच्या संघांत तीन पायऱ्या असत. शिकाऊ, मग जर्नीमन, मग मास्टर. या शब्दाचा प्रवासाशी संबंध नाही. फ्रेंचमध्ये 'जुर्ने' म्हणजे एक दिवस किंवा दिवसाचं काम. काम शिकून तयार झालेला, रोजावर काम करणारा तो जर्नीमन. त्याने मास्टर व्हायचं तर आपल्या हातची एक वस्तू संघापुढे ठेवायची, तीच मूळची 'मास्टरपीस'. आज अमेरिकेत 'जर्नीमन मशिनिस्ट' ही सन्मानाची पात्रता आहे, पण खेळाडूला 'जर्नीमन' म्हटलं तर अर्थ होतो बरा आहे, चालवून घेतो, चमक नाही. एकच शब्द कारखान्यात मान देतो आणि मैदानावर कमी लेखतो.

दुसरा: 'बीन अराउंड'. 'ही हॅज बीन अराउंड' म्हणजे जग पाहिलेला, बारा गावचं पाणी प्यायलेला. हेच बाईबद्दल लिहिलं तर चारित्र्यावर शिंतोडा उडू शकतो. एका अनुभवी महिला अधिकाऱ्याच्या परिचयात हे वाक्य मी छापायच्या आदल्या दिवशी काढलंय. अजूनही आठवलं की अंगावर काटा येतो. कृपया कोणी वापरू नका.

निळीशाई

तळटीप ताई, खूप आभार. माझा कल आता 'ओल्ड हँड'कडे झुकतोय. मिस्त्रींचं सगळं हातात आहे. शिवाय हाताचं आपलं आणि इंग्रजीचं चांगलं जमतं: हातखंडा, हातोटी, हात बसणे, त्यांचा हात धरणारा कोणी नाही. फक्त ते 'बॅक ऑफ द हँड' म्हणतात, मळहात. आणि आपण तळहात; संस्कृतात तर करतलामलकवत्, तळहातावरच्या आवळ्यासारखं स्पष्ट.

खडूफळा

निळीशाई, इथे मी थोडी अडवणार आहे.

'हँड' म्हणजे मुळात मजूर. 'फार्म हँड', 'मिल हँड', जहाजावरचं 'ऑल हँड्स ऑन डेक'. गिरणीमालक कामगारांना 'हँड्स' म्हणायचे, जसं काही त्या माणसांना डोकं आणि मन नव्हतंच. चार्ल्स डिकन्सने १८५४ च्या 'हार्ड टाइम्स'मध्ये यावर थेट बोट ठेवलंय. विधात्याने या लोकांना नुसते हातच दिले असते तर काहींना ते अधिक आवडले असते, अशा अर्थाचं तो लिहितो. शिकवताना ते पान आलं की मी थांबते.

तुम्ही सांगितलेल्या प्रसंगात मिस्त्रींचा हात सगळ्यांत शेवटी हलला. आधी कान, मग डोळा, मग समज. आयुष्यभर डोकं चालवलेल्या कारागिराच्या पाटीवर 'हँड' कोरू नये असं मला मनापासून वाटतं.

दर्यावर्दी

खडूफळा, तुमचा मुद्दा कळतो, पण पूर्ण पटत नाही. आमच्याकडे 'गुड हँड' म्हणणं ही सगळ्यांत मोठी शाबासकी. ते मालक म्हणत नाही, बरोबरीचा माणूस म्हणतो. इंग्रजीत 'ओल्ड चायना हँड' असंही म्हणतात; चीनमध्ये वर्षानुवर्षं राहिलेले व्यापारी, राजदूत. त्यांना कोणी मजूर समजत नाही. शब्द कोणाच्या तोंडून येतो त्यावर आहे.

खडूफळा

तेच म्हणते मी. पाटी व्यवस्थापनाकडून जाणार आहे ना?

दर्यावर्दी

हे मात्र खरं. मागे घेतो.

शब्दप्रेमी

'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स', म्हणजे सगळी कामं येणारा, कसं वाटतं? हल्ली एक संदेश फिरतोय की मूळ म्हण लांब होती, शेवटी 'एकाच कलेच्या मास्टरपेक्षा हा पुष्कळदा बरा' असं कौतुक होतं आणि लोकांनी ते कापलं.

तळटीप

तो संदेश उलटा आहे. आधी नुसतं 'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स' होतं, १७ व्या शतकापासून. 'मास्टर ऑफ नन' (मास्टर मात्र कशातच नाही) हे शेपूट नंतर लागलं आणि ते तिसरं कौतुकाचं शेपूट अगदी अलीकडचं. पण शेपूट कुठलंही असो, ऐकणाऱ्याच्या मनात 'मास्टर ऑफ नन' वाजतंच. आपल्याकडे 'एक ना धड भाराभर चिंध्या' आठवावं तसं. एकाच यंत्रावर ३८ वर्षं घालवलेल्या माणसाला तर ते लागूही नाही.

रंधा

मला मिठाचा एक प्रश्न नेहमी पडतो. 'वर्थ हिज सॉल्ट' म्हणजे आपल्या कामात चोख माणूस, घेतल्या पगाराचं चीज करणारा. 'सॅलरी' हा शब्दही लॅटिनमधल्या मिठाच्या 'साल' या शब्दापासूनच. आणि आपण म्हणतो 'खाल्ल्या मिठाला जागला'. मीठ तेच, पण त्यांच्याकडे ते कामाचा कस दाखवतं, आपल्याकडे निष्ठा. भाषांतरात या दोघांची अदलाबदल झाली की अर्थ पार बदलतो ना?

तळटीप

पार बदलतो, आणि अशी अदलाबदल मी छापील मजकुरातही पाहिलीय. रंधा, छान पकडलंत.

निळीशाई, यावरून तुम्हाला एक सुचवते. आपलेही शब्द आतून कुठल्या ना कुठल्या कामाचेच आहेत. धुरंधर म्हणजे जू वाहणारा. निष्णात म्हणजे त्या विद्येत न्हालेला. पारंगत म्हणजे पैलतीराला पोचलेला. कुशल म्हणजे परंपरेने सांगतात तसं, हात कापू न देता कुश गवत खुडणारा; ते पातं किती धारदार असतं ते खुडल्याशिवाय कळत नाही. दर्यावर्दींनी दोर सांगितले, रंधांनी लाकूड. लेथवरच्या माणसाला समुद्राचा किंवा लढाईचा शब्द उसना का द्यायचा? पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही स्वतः एक वाक्य लिहिलंय, "मापाच्या आधी कानाने कळलं". तेच इंग्रजीत न्या.

निळीशाई

तीन आठवड्यांनी परत आले. कार्यक्रम काल झाला.

तळटीप ताईंचं ऐकलं. पाटीवर वाक्प्रचार एकही नाही. नावाखाली 'मास्टर टर्नर', वर्षं, आणि त्याखाली एक ओळ: 'ही कुड हिअर व्हॉट द रेस्ट ऑफ अस हॅड टु मेझर.' शेजारी मराठीत, 'आम्ही मोजायचो ते यांना ऐकू यायचं.' खडूफळा, भाषणात तुमचं 'कट हिज टीथ' वापरलं. त्यांनी शिकाऊ म्हणून ज्या लेथवर सुरुवात केली ती अजून कोपऱ्यात उभी आहे, तिच्याकडे हात करून म्हटलं. रंधा, 'सीझन्ड'ही आला, पण लाकडाची तुमची गोष्ट सांगून मगच.

पाटी हातात आल्यावर मिस्त्रींनी आधी मराठी ओळ वाचली. मग इंग्रजी ओळ मला वाचून दाखवायला सांगितली. दोनदा. काही बोलले नाहीत. पाटी उलटी करून कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बर राहिलाय गं इथे." बर म्हणजे कापल्यावर धातूच्या कडेला राहणारी बारीक धार. मग स्टेजवरून उतरून थेट शॉपमध्ये गेले. आम्ही मागोमाग गेलो, तर बारीक कानस घेऊन ते पाटीच्या कडा मारत होते.